किल्ली खिळ्याला आहे तोवर

“तुम्हीच वाचा. मोठ्यानं वाचा,” असं म्हणून निकमसाहेबांनी एक रजिस्टर माझ्यापुढे टाकलं.

मी वाचायला लागले. “तीन तारीख, सकाळी दहा वीस, आदेश पोचला, अंमल नाही. ऑपरेटरचं कारण, चहा पीत होतो. सात तारीख, डुलकी लागली. अकरा तारीख, पोट बिघडलं होतं. अकरालाच दुपारी, पोट अजून बिघडलेलंच आहे.”

मला हसू फुटलं. निकमसाहेबांना नाही.

“एका महिन्यात एक्केचाळीस वेळा,” ते म्हणाले. “आम्ही इथून आदेश सोडतो, लाइन चालू करा, आणि हा बंडगर तिथं हातावर हात ठेवून बसतो. तुम्ही ते मशीन आपोआप चालेल असं करून द्या, मॅडम. परवा साडेअकराला चाचणी. चेअरमन स्वतः बसणार आहेत. चाचणी झाली की बंडगरला घरी बसवतो. दोन वर्षं राहिलीत त्याची, पण एवढा कामचुकार माणूस मला दोन दिवससुद्धा नको.”

हे पंच्याण्णव सालचं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि स्वतःला फारच शहाणी समजत होते. पुण्याच्या ज्या कंपनीत मी होते ती लांबलांबची कॉम्प्युटरची मशीन एकमेकांना जोडून द्यायची. निकमसाहेब एका सहकारी वीजसंस्थेचे इंजिनिअर. त्यांचं मुख्य ऑफिस तालुक्याच्या गावी, आणि तिथून बावीस किलोमीटरवर माळावर कोळसूरचं सबस्टेशन. वर्षभरापूर्वी आमच्याच कंपनीनं दोन्हीकडची मशीन मॉडेमच्या पेट्या लावून टेलिफोनच्या वेगळ्या तारेनं जोडली होती. तालुक्याच्या मशीननं हाक मारली की कोळसूरच्या मशीनवर आमचा एक प्रोग्रॅम सुरू व्हायचा, तो ब्रेकर लावायचा, आणि लाइनीत वीज जायची.

हा प्रोग्रॅम सुरू कसा व्हायचा, ते मात्र कोळसूरच्या मशीनवर आधी ठरवून द्यावं लागे. दोन तऱ्हा होत्या. एक, हाक आली की आपोआप. दुसरी, हाक रांगेत थांबणार, पडद्यावर तशी ओळ येणार, आणि तिथं बसलेला ऑपरेटर आपल्या हातानं प्रोग्रॅम सुरू करणार. बसवताना संस्थेनंच दुसरी तऱ्हा मागितली होती, कारण मशीनवर कुणाचा भरवसा नव्हता. हाक पाच मिनिटं थांबायची. तेवढ्यात ऑपरेटरनं काही केलं नाही तर ती परत फिरायची आणि तालुक्याच्या यादीत ‘अंमल नाही’ अशी ओळ छापली जायची.

म्हणजे माझं काम काय, तर एका ठिकाणचं उत्तर बदलायचं. पुण्याहून एवढ्या लांब येऊन अर्ध्या तासाचं काम. मी मनातल्या मनात परतीचं तिकीटसुद्धा काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कोळसूरला गेले, तर शिदराम बंडगर हा माणूस दिसायला अगदीच वेगळा निघाला. मी आपली ढेरपोट्या, पेंगुळलेला कुणीतरी असेल असं धरून चालले होते. हे उंच, काटक, खाकी शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. खोली झाडून घेतलेली. मशीनवर धुतलेलं फडकं. आणि मॉनिटरच्या खाली, भिंतीला टेकवलेल्या फळीत तीन खिळे ठोकलेले. एका खिळ्याला पितळी किल्ली लटकत होती, कुलुपाची असते तशी, तांबड्या दोऱ्यात ओवलेली.

“या, ताई. निकमसायबांचा फोन आलता. च्या घेनार?”

“नको. आधी यार्डात जाऊन तुमच्या ब्रेकरच्या पेटीतली आमची वायर बघते.”

अण्णा जागचे उठले. “मग किल्ली असंल तर हितं अडकवून जावा.”

“कसली किल्ली?”

“कसली बी. लॉजच्या खोलीची असंल की.”

मी खांद्यावरची पर्स घट्ट धरली. “का? चोऱ्या होतात का इथं?”

“न्हाई, न्हाई. आमची आपली पद्धत हाय.”

“राहू द्या. माझी किल्ली माझ्याकडे बरी.” हे सबस्टेशन आहे की धर्मशाळा, असं पुटपुटत मी बाहेर पडले.

पेटीत वीस मिनिटं गेली. वायरीचं टोक सैल होतं, ते मी नीट बसवलं. मधेच मान वर केली तर अण्णा दारात उभे, डोळ्यांवर हात धरून टक लावून माझ्याकडे बघतायत. मला राग आला. बाई माणूस काम करताना कधी बघितलं नाही की काय, असं वाटलं. परत आले तर पडद्यावर ओळ. दहा पन्नासला हाक आली होती, पाच मिनिटं थांबली होती आणि परत गेली होती. तेवढ्यात फोन वाजला. अण्णांनी उचलला.

“व्हय, सायेब. आलती ऑर्डर. डुलकी लागली जरा. न्हाई, चुकलंच. बरं, बरं.”

फोन ठेवून ते शांतपणे माझ्यासाठी चहा ओतायला लागले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माणूस दारात सरळ उभा होता, दोन्ही डोळे उघडे ठेवून, आणि साहेबाला सांगतो डुलकी लागली. एक्केचाळीसची बेचाळीस झाली, आणि ती मी माझ्या डोळ्यांनी बघितली. इतका वेळ मला या माणसाबद्दल थोडं वाईट वाटत होतं, ते तिथंच संपलं. मी वहीत लिहिलं, ‘ऑपरेटर धडधडीत खोटं बोलतो.’ खाली दोन रेघा मारल्या.

चाचणीच्या दिवशी सकाळी मी ते बदललं. प्रोग्रॅमचं नाव, सुरू करण्याची तऱ्हा, आपोआप. अण्णा मागे उभे राहून बघत होते.

“आता मला काय करायचं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. तालुक्याहून हाक आली की तीन सेकंदांत लाइन चालू. तुम्ही नुसतं बघायचं.”

“थांबवायचं झालं तर?”

“थांबवायचं कशाला?”

फडकं उचलून अण्णांनी स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसलं. मला वाटलं, नोकरी जाणार हे कळलंय बिचाऱ्याला. पण केलं ते भरावं, असंही वाटलं.

दहाच्या सुमाराला एक माणूस आला. पस्तिशीचा असेल, कमरेला पट्टा, पट्ट्यात पक्कड. हा लाइनमन, हैदर मुलाणी. खांबावर चढून तारांचं काम करायचं ते हाच करायचा.

“अण्णा, ओढ्यापल्याडच्या खांबाचा चिनीमातीचा कप फुटलाय. बदलून येतो.”

“किती येळ?”

“तासभर. अकराला हाय मी हितं.” त्यानं खिशातून तांबड्या दोऱ्याची किल्ली काढली, कालच्याच खिळ्याला अडकवली आणि मला बघून हसला. “पुण्याच्या ताई व्हय? आमच्या पोरींना सांगतो, ताईमानूस बी मशीन चालवती म्हनून. दोघींचं बी गणितात डोस्कं चालतं, पर ऐकत्यात कुठं.”

तो सायकलला टांग मारून गेला. मी माझ्या कामाला लागले. निकमसाहेबांचा फोन आला, चेअरमन पोचलेत, साडेअकरा म्हणजे साडेअकरा. तीन नंबरची लाइन सकाळपासून बंदच होती, ती चालू करून दाखवायची असं ठरलं.

अकरा वाजले. अण्णा दारात जाऊन आले. सव्वाअकरा वाजले. पुन्हा गेले, या खेपेला पार फाटकापर्यंत. परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

“ताई, चाचणी जरा पुढं ढकलता का? अर्धा तास.”

“चेअरमन बसलेत तिकडे. कारण काय सांगू?”

“सांगा, मशीन बिघडलं.”

“मशीन बिघडलेलं नाही.”

“मग पयल्यासारकं करा. हातानं चालू करायचं. आजच्या दिवस.”

“अण्णा, मला सगळं माहीत आहे,” मी म्हणाले. फार शहाणपणानं म्हणाले. “मशीन आपोआप चाललं तर तुमची नोकरी जाणार आहे. मला त्याचं वाईट वाटतं. पण म्हणून मी माझं काम बिघडवू शकत नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आपण या पोरीला काय सांगावं आणि काय नाही, याचा हिशेब चालला होता, हे आता मला कळतं. त्यांनी फोन उचलून तालुक्याचा नंबर फिरवला. निकमसाहेबांचा आवाज मला इथवर ऐकू आला. “बंडगर, आता एक शब्द बोललात तर चाचणीसाठीसुद्धा थांबणार नाही.”

अकरा अठ्ठावीस झाले होते. अण्णांनी फोन ठेवला, चालत मशीनच्या मागे गेले आणि मॉडेमच्या तारेची पिन भिंतीतून उपसून काढली.

मॉडेमचे दिवे विझले.

“हे काय केलंत तुम्ही?” मी ओरडले. आयुष्यात मी वडीलधाऱ्या माणसावर तशी कधी ओरडले नव्हते. “लावा ती पिन. आधी लावा. हे मी लेखी देणार आहे, समजलं ना तुम्हाला? लेखी.”

“द्या, ताई,” ते म्हणाले. “पर आत्ता लावायची न्हाई.”

मी हात पुढे केला तर त्यांनी ती पिन मुठीत धरली आणि मूठ पाठीमागे घेतली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, लहान पोरानं खाऊ लपवावा तसा. बोलायचा फोन वेगळ्या तारेवर होता, तो वाजायला लागला. दोघांपैकी कुणी उचलला नाही. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. मी वही उघडून लिहायला बसले. वेळ लिहिली, नाव लिहिलं.

अकरा त्रेचाळीसला सायकल दाराशी आली.

हैदर आत आला. हातांना काळं लागलेलं, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. “कपाचा नट गंजलाता, अण्णा. निघंनाच. तारंला मिठी मारून बसलोय निस्तं अर्धा तास.” त्यानं खिळ्यावरची किल्ली काढली आणि खिशात टाकली. “झालं. सोडा आता.”

अण्णांनी मूठ उघडली. पिन भिंतीत लावली. मॉडेमचे दिवे एकेक करून पेटले. तालुक्याचं मशीन हाका मारतच होतं, तीन सेकंदांत बाहेर यार्डात ब्रेकर धाडकन बसला आणि तीन नंबरच्या लाइनीत वीज गेली.

माझा प्रोग्रॅम उत्तम चालला होता. पंधरा मिनिटं आधीही तितकाच उत्तम चालला असता, आणि तेव्हा हैदर याच लाइनीच्या तारेपाशी होता. मी हैदरच्या हातांकडे बघितलं आणि खाली बसले. त्याला काही कळलं नव्हतं. “ताईंना ऊन लागलं वाटतं, अण्णा. गूळपानी द्या,” असं म्हणून तो बाहेर हात धुवायला गेला.

“सांगितलं का नाहीत?” मी विचारलं.

अण्णा माझ्यासमोर स्टुलावर बसले. “खांबावर चढायचं म्हंजे तालुक्यातनं कागुद आनावा लागतो, ताई. निकमसायबांच्या सहीचा. सायेब कधी असत्यात, कधी नसत्यात. दोन-दोन दिस जात्यात. तवर गावाचं पानी बंद, गिरणी बंद, दवाखान्यातलं इंजेक्शनांचं गार कपाट बंद. लोक आमच्या दारात येऊन बसत्यात. मग हैदर असाच चढतो. बिगरकागदाचा चढतो म्हनून तालुक्याला कळलं, तर त्यो रोजंदारीवरचा, दुसऱ्या दिशी बाहेर. मी पर्मनंट. मला निस्त्या शिव्या बसत्यात.”

“पण यार्डात हातानं ओढायचा स्विच असतो ना? तो ओढून ठेवला तर इथून कुणी काही केलं तरी...”

“गंजून बसलाय. दोन वर्सं झाली. पाच अर्ज केलं.”

“आणि किल्ली?”

“आदुगर पाटीवर लिवत होतो. हैदर वर हाय, असं. पर एकदा त्यो उतारला आनि सांगायचं इसरून घरी गेला, मी आपला रात पडंस्तवर लाइन बंद ठिवून. एकदा उलटं झालं. त्यो वर असतानाच कुनीतरी पाटी पुसली.” त्यांनी खिळ्यांकडे हात केला. “त्या दिशी वाचला त्यो. तवापास्नं घराची किल्ली. बायको शेतावर जाती, घराला कुलूप. किल्ली घेतल्याबिगर त्याला घरात जाता येत न्हाई, म्हंजे हितं यावंच लागतं. किल्ली खिळ्याला हाय तवर मी बटनाला हात लावत न्हाई. सायेब फोन करू दे, न्हाईतर सायबाचा बाप.”

मग मला कालचं आठवलं. दहा पन्नासची हाक. मी ब्रेकरच्या पेटीत दोन्ही हात घालून उभी, किल्ली द्यायला नकार देऊन. आणि हा माणूस दारात उभा राहून माझ्यावरची नजर न काढता पाच मिनिटं काढतो, आणि साहेबाला सांगतो, डुलकी लागली. त्यावर मी वहीत दोन रेघा मारल्या होत्या. मला स्वतःची इतकी लाज तोवर कधी वाटली नव्हती आणि नंतरही फारशी वाटलेली नाही.

फोन पुन्हा वाजला. अण्णांनी हात पुढे केला, पण त्यांच्याआधी मी उचलला.

“मॅडम, काय चाललंय तिथं? चेअरमन वैतागून गेले. बंडगरनं काही केलं ना? मला खरं सांगा, त्याला आत्ताच्या आत्ता सस्पेंड करतो.”

अण्णा माझ्याकडे बघत होते. सांगा, असं त्यांनी मानेनं खुणावलं. हैदरचं नाव मात्र घेऊ नका, असं बोटानं.

“नाही, साहेब,” मी म्हणाले. “चूक माझी झाली. पिन मीच नीट बसवली नव्हती. बंडगरांनीच शोधून काढली, म्हणून तर लाइन लागली.”

निकमसाहेब बोलायला लागले ते माझ्याबद्दल, माझ्या कंपनीबद्दल आणि पोरीबाळींना साइटवर पाठवणाऱ्यांबद्दल. मी ऐकून घेतलं. एक्केचाळीस वेळा ऐकणारा माणूस शेजारी बसला होता, मला एकदा ऐकायला काय झालं होतं.

वहीतली दोन पानं मी फाडली. मग मशीनपाशी बसले आणि सकाळी बदललेलं पुन्हा बदललं. प्रोग्रॅमचं नाव तेच. सुरू करण्याची तऱ्हा, ऑपरेटरच्या हातानं. त्याच्या खाली आणखी एक जागा होती, तिच्याकडे आजवर कुणी लक्ष दिलं नव्हतं. हाक किती वेळ थांबेल. तिथं पाच मिनिटं असं होतं. ते मी काढलं आणि ‘मर्यादा नाही’ असं भरलं.

“ह्येनं काय हुईल?” अण्णांनी विचारलं.

“आता हाक परत जाणार नाही. तुम्ही सुरू करेपर्यंत रांगेत थांबेल, तास लागला तर तास. तालुक्याच्या यादीत ‘अंमल नाही’ असं छापलं जाणार नाही. उशीर दिसेल, पण नकार दिसणार नाही.”

ते पडद्याकडे बघत राहिले. वाचता येत होतं त्यांना, तेवढं इंग्रजी यायचं, तरी त्यांनी दोनदा वाचलं. मग फडक्याच्या टोकानं डोळे पुसले आणि म्हणाले, “धूळ लई हाय हितं.” धूळ कुठेच नव्हती.

रिपोर्टात मी लिहिलं की यार्डातला हातस्विच गंजलेला आहे, तो दुरुस्त होईपर्यंत प्रोग्रॅम आपोआप सुरू करणं धोक्याचं आहे, आणि कंपनी त्यावर सही देणार नाही. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. चाचणी फसल्याचं कारण मी माझ्या नावावर लिहिलं. पुण्याला माझ्या साहेबांनी ते वाचून मला दोन वर्षं साइटवर पाठवलं नाही, ऑफिसातच बसवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण अण्णा त्याच खुर्चीवरून रिटायर झाले, आणि हातस्विच त्याआधी वर्षभर बदलून मिळाला, असं त्यांचं पोस्टकार्ड आलं. हैदरची थोरली पोरगी पुढं डिप्लोमाला लागली, असं खाली त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी माझं एवढंच काम उरलं होतं, यार्डातल्या पेटीतला एक स्क्रू कसायचा. मी उठले, दारापर्यंत गेले, परत आले. पर्समधून लॉजच्या खोलीची किल्ली काढली. तिला लाकडाचा मोठा ठोकळा बांधलेला होता, त्यावर सात नंबर. ती मी मधल्या खिळ्याला अडकवली. अण्णांनी खुर्ची थोडी मागे घेतली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

स्क्रू हट्टी निघाला. चांगली बारा मिनिटं गेली. काम चालू असताना खोलीत फोन वाजलेला मला ऐकू आला. हात पुसत मी परतले, तर पडद्यावर ओळ उभी होती, तीन नंबरची लाइन चालू करा, हाक थांबली आहे, नऊ मिनिटं. अण्णांचे हात मांडीवरच होते. रिसीव्हर त्यांनी खांद्यानं कानाला धरला होता.

“व्हय, सायेब,” ते म्हणत होते. “यार्डात कुनी न्हाई. डुलकी लागली जरा.”

मी खिळ्यावरची किल्ली काढली. तेव्हा त्यांनी बटण दाबलं.